डाव्या स्पीकरसमोरची जागा

मी सगुणा अनंता नाखवा, वय चोपन्न, धंदा मासळीविक्री, शिक्षण चौथी, राहणार करंजा, तालुका उरण, हा कागद माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा. वकिलाने लिहून दिलेलं मला समजलं नाही म्हणून परत दिलं. येत्या मंगळवारी पनवेलला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्यातून उठले नाही तर खाली लिहिल्याप्रमाणे करावं.

१. राहतं घर मुलगा विनेश याला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, घरात कमी असतो, म्हणून सून जागृती हिचंही नाव लावावं. वरची खोली भाड्याने देऊ नये असं मला वाटतं, पण मी बघायला नसेन.

२. बँकेत आहे ते नात कल्पिता हिच्या शिक्षणाला. लग्नाला नाही. हे कलम विनेशने दोनदा वाचावं.

३. काळे टी-शर्ट, नग तीस, तेही कल्पिताला. खाडीपलीकडच्या स्टेडियममध्ये चोवीस वर्षांत मी रॉकचे एकतीस कार्यक्रम बघितले, दर वेळी लुगड्यावर टी-शर्ट घालून. एकतिसावा जागृतीने फरशी पुसायला घेतला. कोणता ते मला माहीत आहे.

हे वेड कसं लागलं ते लिहून ठेवते, नाहीतर विनेश मागे काहीबाही सांगेल. माझे मालक अनंता टेम्पोतून स्पीकरच्या पेट्या वाहायचे. २००१ साली मला सोबत नेलं. मी टेम्पोत बसून कोळंबी सोलत होते. ते म्हणाले, "उतर गो खाली. येवढा आवाज फुकट चाललाय." उतरले. ढोलवाल्याने पहिला ठोका मारला तो छातीत बसला, बोटीचं इंजिन सुरू होताना बसतो तसा. कोळंबी तशीच राहिली. गाण्यांचे शब्द मला कळत नाहीत. मालकांचेही सगळे कळत नव्हते, संसार झाला.

झडप त्या आवाजाने गेली असं विनेश म्हणतो. डॉक्टर नाही म्हणतो. शिकलेला डॉक्टर आहे.

४. वजनकाटा, सुरी आणि धक्क्यावरची माझी बसायची जागा नणंद शकू हिला. धक्क्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या केसरला काही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला देता येत नाही असं वकील म्हणाला. तिला कळवलं आहे. ती रागावली आहे.

५. आता शकूचं. २००९ साली मालक गेले. मी घराबाहेर पडत नव्हते. शकू आली, म्हणाली, "वयनी, दादा नाय तं नाय, मी येते." तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला दोघी. डाव्या स्पीकरसमोर, कठड्याला लागून. तिला आवाजाने दाढ दुखायची, तरी यायची.

आमच्या धक्क्यावर लिलावाच्या वेळी बाईने मासळीची पाटी ठेवली की ती जागा तिची. ती चहाला जावो नाहीतर बाळंतपणाला, शेजारणीने राखायची. २०१४ च्या कार्यक्रमात शकू म्हणाली, "वयनी, जागा बघ. पानी पिऊन येते." खाली स्वतःची पिशवी ठेवून गेली. ती आली तेव्हा जागा नव्हती आणि मीही नव्हते. मला शोधून शोधून ती एकटी एसटीने घरी गेली. सकाळी धक्क्यावर म्हणाली, "तू मला इसरलीस." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पानी प्यायला येवढा वेळ लागतो काय?"

त्या दिवसापासून ती धक्क्याच्या त्या टोकाला बसते, मी ह्या टोकाला. अकरा वर्षं. शकूने उशीर केला आणि वर भांडली, असं मी अख्ख्या करंज्याला सांगितलं आहे. ते खोटं आहे. टकल्या ढोलवाला एकटा वाजवायला लागला, उजवीकडे मंचाजवळ फट दिसली, मी घुसले. पिशवी लोकांच्या पायाखाली गेली. मला शकूची आठवणच राहिली नाही. जागा मी सोडली.

६. १४ मार्चच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं कपाटात आहेत. एक शकूचं. मी उठले नाही तर दुसरंही तिचं, आणि तिने माझी जागा शेवटपर्यंत राखावी. पाटी आत नेऊ देत नाहीत, चप्पल ठेवावी. उठले तर पाणी मी आणीन.

७. मृत्युपत्र आधी उघडायचं नसतं म्हणे. तरी पाचवं आणि सहावं कलम केसरने आजच धक्क्यावर शकूला वाचून दाखवावं. एरवीही ती सांगणारच.

सही: सगुणा अनंता नाखवा

साक्षीदार:
१. केसर बाळाजी कोळी, मासळीविक्री
२. हरेश्वर सदा भोईर, धक्क्यावर लिलाव पुकारणारे

ठिकाण: करंजा
तारीख: १२ डिसेंबर २०२५

या ओळी सह्या झाल्यावर लिहिल्या, वकिलाने धरू नयेत. केसर जाऊन आली. म्हणते, शकूने ऐकून घेतलं. उठली, ह्या टोकाला आली, माझी पाटी उचलून नेऊन स्वतःच्या पाटीशेजारी ठेवली. कोणीतरी विचारलं, ही कोणाची. शकू म्हणाली, "वयनीची. पानी प्यायला गेलीय. येल."