घडीची नाव आणि टणक नाव

उपकेंद्र, ता. नवापूर
३ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
चारुलताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. धरणाच्या फुगवट्यापलीकडे दोन पाडे आहेत. तिथली लाँच बंद पडली आहे आणि तिथल्या बाळांना लस द्यायचं काम माझं आहे. भूपेंद्रदादा सुरतेहून दोन कयाक, म्हणजे वल्ह्याच्या एकट्यापुरत्या छोट्या नावा, तुमच्याकडे पाठवतो आहे. एक घडीची, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर कापड ताणलेली, पिशवीत मावणारी. दुसरी टणक प्लॅस्टिकची. मला पोहता येत नाही हे तुम्ही कधी विसरू देत नाही, तेव्हा कोणती कमी डगमगते ते तुम्हीच बघा. तुम्ही नाही म्हणालात तर बदली मागेन. वाईट वाटेल, पण मागेन.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. माया आहे तशी राहू द्या.
आपली,
चारुलता

रनाळे
१२ नोव्हेंबर

चि. चारुलतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही नावा तलावावर नेल्या. टणक नावेत मी बैलगाडीवर बसतो तसा दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलो. नावेला ते पटले नाही. तुझ्या आईने काठावरून सांगितले की, ती गाडी नही शे, पाय मजार घाला. पाय आत घेतले तरी ती डुगडुगते, पण एका कुशीवर कलली की तिथे आधार धरते. घडीची रुंद आहे. तिच्यात बाजेवर बसल्यासारखे वाटते.

खोट दोघींत आहे. घडीची सहसा उलटत नाही, पण उलटली की पाण्याने भरते आणि परत चढू देत नाही. टणक नाव लवकर पाडते, पण टोकांना बंद कप्पे असल्याने तरंगत राहते. तुला पडायचेच नाही, म्हणून तुला घडीची. मात्र एकटीने जायला माझी संमती नाही. विचार करून कळवतो.

प्रकृतीस जपावे.
आप्पा

रनाळे
१४ नोव्हेंबर

चि. चारूस,
आईचा आशीर्वाद.

किती वेळा पडले ते आप्पांनी लिहिलं नसेल. नऊ वेळा. पहिल्यांदा चुकून, नंतर मुद्दाम, तू पडलीस तर कशी चढशील ते बघायला. घडीच्या नावेत तुझ्या वजनाइतकी ज्वारी ठेवून तीही उलटवली. ज्वारी ओट्यावर वाळते आहे. सर्दी झाली आहे, पण कबूल करत नाहीत.

तू बदली घेऊन जवळ आलीस तर मला बरंच वाटलं असतं. पण येत्या सोमवारी ते दोन्ही नावा टेम्पोत घालून तुझ्याकडे निघणार आहेत. लाँच सुरू होईपर्यंत घडीच्या नावेत तू पुढे आणि टणक नावेत ते मागे, असं ठरवलंय. साठी उलटल्यावर हे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले की, माले पडानी सवय व्हई गयी, तिले नही.

त्यांना परत पाठवू नकोस.
तुझी आई,
भिकुबाई