कापसाची काडी आणि तुझा फोटो

महाड, रविवार

चि. रावजीस ताईचा सप्रेम जय भीम.

तुझी तब्येत विचारत नाही. फेसबुकवर रोज दिसतोस, ठणठणीतच असणार. इथे माझी नात साक्षी आहे तशीच आहे. नऊ वर्षांच्या पोरीला दर मंगळवारी मुंबईला नेऊन रक्त चढवायचं, हेच चाललंय. (तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.)

तिच्या हाडांत रक्त तयार होणंच थांबलंय, दुसऱ्या कुणाच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, हव्यात. घरात कुणाच्याच जुळल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, परक्यात जुळल्या तर बहुधा तुमच्याच लोकांत जुळतील. बरोबरच आहे, पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दुसरीकडे सोयरीक कुणी करू दिली? आणि दात्यांच्या यादीत आपली माणसं शोधायला भिंग लागतं. माझं डोकं फिरतं ते इथे.

म्हणून वीस मार्चला चवदार तळ्याशी दात्यांची यादी करणाऱ्या संस्थेच्या मुलींबरोबर टेबल मांडलं. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची आणि फॉर्म भरायचा, बस्स. सुईसुद्धा नाही. तर सव गावचा सोमा जातीच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स घेऊन हजर! योजना नाही म्हटल्यावर आमच्यावरच उखडला, ‘मग बसलाव कशाला?’ वरंधच्या येसूबाईचा तरणाबांड मुलगा काडी तोंडात घालणार, तोच हिने त्याला मनगट धरून ओढला. थुंकी परक्याच्या हाती द्यायची नाय म्हणे, कोन काय करील! (हीच बाई मघाशी अंधश्रद्धेवरच्या भाषणाला पुढे बसून टाळ्या पिटत होती.) अरे, या पाण्याला हात लावायला आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि आम्ही काडीला गाल लावायला घाबरतो? असं मी ओरडले, तर माईकवाल्यांनी मला हळू बोलायला सांगितलं. माईकवाल्यांनी! संध्याकाळपर्यंत एकोणीस जण झाले.

त्यात एक तू. फोटोवाला येईपर्यंत काडी तोंडात धरून उभा होतास, डोळे मिटले म्हणून दुसरा फोटो काढवलास. मला छप्पन्नाव्या वर्षी यादीत घेत नाहीत, नाहीतर मी दोन्ही गाल दिले असते. असो. घरात सर्वांना जय भीम.

तुझी,
ललिताताई

ता.क. नसते फोन नकोत म्हणून फॉर्मवर तू माझा नंबर लिहिलास. गेल्या आठवड्यात त्यावर संस्थेचा फोन आला, ‘जुळलं.’ माझ्या हातातली परात खाली पडली. मला वाटलं, साक्षीचं! नाही. जुळल्यात तुझ्या पेशी, त्याही दुसऱ्याच कुणाशी. नाव ते सांगत नाहीत. मी त्यांना तुझा नंबर दिला, तर तू त्यांना म्हणालास, विचार करून सांगतो! कसला विचार रे मेल्या? खुर्चीत बसायचं, एका दंडातून रक्त काढतात, पेशी बाजूला करून उरलेलं परत देतात. चार-पाच तासांचं काम. सभेत स्टेजवर याहून जास्त वेळ बसतोस.

ता.क. दुसरा. येत्या मंगळवारी रक्त चढवून झालं की साक्षीला घेऊन तुझ्याकडेच येते. नाही म्हणायचं असेल तर तिच्यासमोर म्हण. तीही असल्याच कुणा रावजीचा विचार कधी होतो, याची वाट बघतेय.