सुतळीच्या दोन गाठी

३ मे २०१६
विरूपाक्षनं बैल विकले अन् मला संध्याकाळी सांगितलं. गोठा झाडते मी. चारा न्हाई, पाणी टँकरचं, म्हणला. मिरगाच्या आत रान कसं करायचं, तर म्हणला, बारका ट्रॅक्टर घेऊ. घेऊ. पण कोणता, ते मीच ठरवणार. लेकाला पारख न्हाई. त्याच्या बापालाही नव्हती, पण तो विचारायचा तरी.

५ मे
रानाची वाट अरुंद. बैल एकामागं एक जायचे. इकडून आपला लिंब, तिकडून शेजारच्या केवळाबाईच्या विहिरीचा कठडा. दुसरी वाट तिच्या रानातून. तिच्याशी नऊ वर्षं बोलले न्हाई. का, ते आता नीट ध्यानात न्हाई, पण चूक तिची होती. लिंब तोडायचा न्हाई, उन्हात सावलीला बसायला तेवढीच जागा हाय. सुतळीनं वाट मोजली. दोन गाठी मारल्या. गुडघे गेले.

९ मे, दुपार
उदगीर. शोरूममधला बसवराज एचपी सांगायला लागला. एचपी राहू दे, रुंदी सांग म्हणलं. त्यानं फुटात सांगितली. फुटाचा भरवसा न्हाई, सुतळी काढली. हसला. अम्मा, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं म्हणे. हुशारीचं कौतुक असतं लोकांना. लाल ट्रॅक्टर गाठीबाहेर गेला. निळा बारका आत बसला, वर चार बोटं जागा. निळाच. मागं काय लावणार, असं विचारत होता. मागचं मागं बघू म्हणलं.

१२ मे
गावात एकच बोलणं, उदगीर जिल्हा होणार. मग सगळी कामं जवळ. विरूपाक्ष म्हणला, जिल्हा काय आपलं रान नांगरायला येतोय? उलट बोलायला शिकला. उद्यापासून ट्रॅक्टरचा विषय काढायचा न्हाई.

१३ मे
दोनदाच काढला.

२८ मे
निळा आला. लिंब अन् कठड्यामधून सुळकन गेला. पुढं मी चालले. केवळाबाई बांधावर उभी होती. मी तिकडं बघितलं न्हाई. दोनदा बघितलं न्हाई.

३ जून
रोटावेटर आला. मागं जोडायचा, मातीत दाते फिरतात. ट्रॅक्टरपेक्षा वीतभर रुंद. ट्रॅक्टर गेला, मागचं अडकलं. कठड्याचे दोन दगड पडले, लिंबाची साल निघाली. सोडून उचलून न्यायचं तर चार गडी रोज कुठून आणायचे. विरूपाक्ष सुतळीकडं बघत राहिला. सून तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला असेल. दोष बसवराजचा, त्यानं जोर देऊन विचारायचं होतं. विरूपाक्ष म्हणतो, लिंब तोडू, न्हाईतर केवळाबाईला वाट माग. दोन्ही होणार न्हाई. लिहून ठेवते.

५ जून
मिरगाला दोन दिवस. आभाळ भरून येतंय अन् रान तसंच. कठड्याचे दगड बसवायला गेले, बोलायला न्हाई. केवळाबाई तिथंच. मी लिंबाला म्हणलं, माणसानं चार दिवस वाट दिली तर काय झिजतं का. केवळाबाई विहिरीला म्हणली, काही माणसांना तोंड उघडायला नऊ वर्षं लागतात. मी लिंबाला म्हणलं, चुकी कुणाची होती. ती विहिरीला म्हणली, मलाही ध्यानात न्हाई.
दगड तिनं एका बाजूनं धरला. जड होता.

७ जून
मिरग. सकाळी केवळाबाईनं स्वतःचा बांध स्वतःच फोडून दिला. रोटावेटर तिच्या रानातून गेला. दुपारपर्यंत आपलं रान झालं. मग तिचंही केलं. बैल तिचेही गेलेत, मला कुणी सांगितलंच न्हाई.
सुनेजवळ निरोप ठेवून गेली. उद्या चहाला येते म्हणे, अन् मागचं न मोजता ट्रॅक्टर पसंत केला कुणी, तेवढं विचारणार हाय.
जबाब विरूपाक्षनं द्यायचा. मी लिंबाखाली असेन.