माय आणल्याशिवाय वर्गात बसू नको

सर, आज दहावीचा गणिताचा पेपर झाला. गणित माझाच विषय, म्हणून खोलीत ड्यूटी नव्हती, तर फाटकाबाहेर उभी राहिले. आपल्या वर्गाची पोरं एकेक करून आत गेली. एक मुलगी आली नाही. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी फाटक लागेस्तोवर बोरगावच्या रस्त्याकडे पाहत राहिले. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्याच शाळेत, तुमचाच विषय शिकवते मी, आणि आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

आमच्या वेळी कापसाची वेचणी लागली की निम्म्या पोरी वर्गातून गायब व्हायच्या. बाकीचे मास्तर घरी निरोप धाडायचे, की पालकांनी शाळेत येऊन भेटावं. तुम्ही सायकल काढायचे. मला तो दिवस अजून दिसतो. मी नववीत आहे, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, आणि तुम्ही वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, येताना दिसता तशी मी पऱ्हाटीच्या झाडांत बसून घेते. तुम्ही मला हाक मारत नाही. सरळ मायजवळ जाता, तिच्या मडक्यातलं पाणी मागून पिता आणि तिच्या बाजूची ओळ धरून वेचायला लागता. माय हसते. "राहू द्या मास्तर, तुमच्यानं नाही होत. कापसापरीस पालाच जास्त भरून राहिले तुम्ही!" तुम्ही म्हणता, "म्हणूनच म्हणतो, ज्याचं काम त्यानं करावं. पोरीले माझ्या हवाली करा." मग धुऱ्यावरच सगळं ठरलं. पोरी सकाळी दहा वाजेपर्यंत वेचतील, मग शाळा. लहान लेकरं पाळीपाळीनं एकेका बाईनं सांभाळायची. बुडालेला अभ्यास तुम्ही दर रविवारी आमच्या मोहल्ल्यात येऊन घ्यायचा. त्या वर्षी आमच्या वस्तीतली एकही पोरगी शाळेतून सुटली नाही.

नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. पेढा हातात तसाच धरून तुम्ही विचारलं, "किती घरी जाऊन आलीस?" मी म्हटलं, "सर, अजून ओळख व्हायची आहे." "मंग शाळेत बसून होऊन राहिली का ओळख?" मला राग आला होता, सर. नवी साडी नेसून आले होते मी, वाटलं होतं कौतुक कराल.

आता पालकांचा ग्रुप असतो मोबाईलवर. बसल्या जागी सगळ्यांना निरोप जातो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण मला ते फार सोयीचं वाटायचं. छमाही परीक्षेत त्या, आज न आलेल्या मुलीला गणितात शंभरपैकी अकरा मिळाले. हुशार पोरगी, अकरा कसे? माझं डोकंच फिरलं. भर वर्गात पेपर तिच्यासमोर आपटला आणि म्हटलं, "उद्या मायला घेऊन ये. माय आणल्याशिवाय वर्गात बसू नको." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी मायला मोबाईलवर निरोप टाकला, की पोरगी का येत नाही. लगेच उत्तर, "जी मॅडम, दोन दिवसांत पाठवते." पुढच्या आठवड्यात पुन्हा, "जी मॅडम, ताप आहे." मला बरं वाटलं, की बाई जबाबदार दिसते. तिचं बोरगाव किती लांब आहे हो, सर? स्कूटीवर पंधरा मिनिटं.

संक्रांत झाली, वेचणी उरकली, आणि एक दिवस ती माय आपणहून शाळेत आली. धुतलेलं लुगडं, पिशवीत संत्री. हात जोडून म्हणाली, "मॅडम, सुट्टीच भेटत नव्हती. कशी शिकून राहिली माझी पोरगी?" मी म्हटलं, "अहो, ती दीड महिन्यापासून शाळेत नाही." "असं कसं बाप्पा? रोज डबा नेते न! म्याच भरून देतो." मी मोबाईल उघडून तिचे निरोप दाखवले. ती म्हणाली, "मले कुठी वाचता येते? फोन त पोरीपाशीच राहते."

पोरगी रोज शाळेचे कपडे घालून जामसांवलीच्या देवळात जाऊन बसायची. तिथल्या फुलवालीनं सांगितलं, मागच्या ओट्यावर वही उघडून गणितं करत बसत असे. माय आणायची तर मायचा मजुरीचा रोज बुडतो, म्हणून वेचणी संपायची वाट पाहत होती. तेवढ्यात गणित पक्कं करू, असंही वाटलं असेल तिला. मला काय ठाऊक, मी विचारलंच कुठे!

बापाच्या कानावर एवढंच गेलं, की पोरगी दीड महिना खोटं बोलून बाहेर फिरत होती. आठ दिवसांत तिला मामाकडे पोचवलं. हॉल तिकीट घेऊन मी, ते मजुरीला होते त्या वावरात गेले. पहिल्यांदा गेले, सर. बैल गेला अन् झोपा केला. माय म्हणाली, "आता राहू द्या मॅडम. पाहुणे पाहून गेले तिले." मग डोळे पुसून म्हणाली, "तुमचा काही दोष नाही. तुम्ही त किती निरोप धाडले. आमचीच पोरगी खोटी निघाली."

म्हणजे पोरीनं घरी सांगितलंच नाही, की तिला वर्गाबाहेर मी काढलं. बापाचा मार खाल्ला, मामाकडे गेली, पण माझं नाव घेतलं नाही. आणि मीही तिथं उभी असून बोलले नाही, सर. मायनं दिलेलं पाणी प्याले, "येते" म्हटलं आणि स्कूटी सुरू केली.