रेघेखालचं नाव

बोईसर, शुक्रवार संध्याकाळ

चूक माझीच. कावेरीने शाळेच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात सुमनचं नाव लिहिलं होतं, तिच्या वारलेल्या आईचं. मी नुकतीच कंपनीतून आलेले. हाताला लॉगबुकची सवय: चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ, शेजारी सही. तसंच केलं आणि वर माझं नाव लिहिलं. चुकलेली नोंद? सुमन?

कावेरीने ते वाचलं. तिची ती अंतराळातली मालिका लावून बसली. जुन्या भागांत यानाची कप्तान एक बाई होती. नव्या भागांत कथेतला भूतकाळच बदललाय, कप्तान दुसरीच, आणि या नव्या काळात पहिली कधी नव्हतीच म्हणे.

मी उगाच विचारलं, "मग खरं कुठलं धरायचं?"

"बनवणारे म्हणतात, आता नवीनच खरी. जुनी धरायची नाय."

रागावली की ती दांडी गावातल्या आजोळचं बोलते.

"आणि तू?"

"आमी दोन्ही धरतो. पन आमाला विचारतंय कोण?"

माझ्याकडे बघितलंही नाही.

फॉर्म अजून टेबलावर आहे. रेघेखालचं नाव नीट वाचता येतं. लॉगबुकात रेघ तशीच मारायची असते, खालचं दिसेल अशी. उद्या कोरा फॉर्म आणते. आईचा रकाना तीच भरेल. काय लिहील, माहीत नाही.