शेड की पूल

३ ऑगस्ट

शेडच्या अर्जावर एकशे सहा सह्या झाल्या! मामाजींना वही दाखवली. एकेका नावावर बोट ठेवून वाचत गेले.

पंचायतीकडे यंदा निधी आहे, पण त्यात एकच मोठं काम बसतं असं सरपंच बबनराव म्हणतात. कोणतं, ते पंधरा तारखेच्या ग्रामसभेत ठरणार. मामाजींचं म्हणणं एकच – स्मशानात शेड. माझंही तेच.

गजेंद्रला जाऊन वर्ष झालं. नवरा माझा, एकुलता मुलगा त्यांचा. बायका तिथे जात नाहीत, म्हणून मी पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं. पाऊस थांबेना, चिता तीनदा विझली. शेवटी डिझेल ओतलं आणि चौघं जण वर टिन धरून उभे राहिले. त्यातले एक मामाजी. घरी आले तेव्हा दोन्ही तळहात कापलेले होते. तेव्हापासून समुद्रपूर, वर्धा – ज्या कचेरीत पाठवतील तिथे अर्ज घेऊन जातात. सत्तरी उलटलेला माणूस!

५ ऑगस्ट

नाल्यापलीकडच्या वस्तीत गेले होते. भाजी पिकवणाऱ्यांची पंधरा-सोळा घरं. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या फरशीवरून, पाणी चाललं होतं – चप्पल हातात घेऊन ओलांडला.

शालूबाई भेटल्या. दर बुधवारी आमच्या दुकानापुढे वांगी, सांभाराच्या हिरव्या जुड्या घेऊन बसतात, त्या. चहा केला. कागद न वाचताच सही केली, सुनेलाही बोलावलं. अंकिताने पेन हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, थोडी थांबली – आणि केली सही.

परत येताना मी उगाच भराभर चालत होते.

९ ऑगस्ट

बबनराव म्हणाले, पलीकडची वस्ती पूल मागणार आहे असं कानावर आलं. मग माझ्या कागदावर सह्या काऊन केल्या त्यांनी?

१४ ऑगस्ट

आज महिला सभा होती. शाळेच्या खोलीत चाळीसेक बायका. मी शेडचं वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना हलवल्या. खाली बसणार तोच मागून अंकिता उभी राहिली.

मागच्या सप्टेंबरात तिला दुपारी कळा सुरू झाल्या. नाला भरून चाललेला. फोन केला तर दवाखान्याची गाडी आली, पण अलीकडच्या काठावर उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तो तिला घरात ऐकू येत होता म्हणे. पाणी उतरायला चार तास लागले. मग बाजेवर घालून आणलं. तोवर बाळ गेलं होतं. मुलगी होती.

हे सगळं ती हळू आवाजात, खाली बघत सांगत होती. शेवटी फक्त मान वर केली.

“तुमच्या कपाळाकडे पाहून सही केली मी, ताई. नाई म्हणता आलं नाई. पण आमाले पूल पायजे.”

ग्रामसेवकांनी दोन्ही कामं लिहून घेतली. काय ते उद्या ठरेल म्हणाले.

हे मला माहीत का नव्हतं? माहीत होतं. शालूबाईंचं नातवंड गेलं एवढं माहीत होतं. भेटायला गेले नाही. माझंच दुःख ताजं होतं, नाला भरलेला होता – कारणं काय, सापडतात.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. उद्या पुलाकडे हात करावा असं वाटतं, हेही सांगून टाकलं. म्हणाले, “तिची पोरगी गेली. माह्यं पोरगं नाई गेलं का?”



१५ ऑगस्ट

झेंडा झाला, मुलांना जिलेबी वाटली, मग तिथेच सभा. एवढी गर्दी मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती.

मामाजी दोनच मिनिटं बोलले. गजेंद्रचं नावसुद्धा घेतलं नाही. माणसाले शेवटचा विस्तव तरी कोरडा मिळावा, एवढंच म्हणाले आणि बसले. शालूबाई उठल्या, पण त्यांना रडूच आलं. मग वस्तीतला दुसरा कोणी बोलला.

आधी शेडसाठी हात वर करायला सांगितलं. मामाजींचा हात पहिला. हात वर ठेवूनच त्यांनी बायकांच्या रांगेकडे वळून बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर.

मग पूल. मी हात वर केला. ग्रामसेवकांनी दोनदा मोजले, तोवर धरून ठेवला. हात इतका जड असतो?

शेड एकसष्ट. पूल चौसष्ट.

१६ ऑगस्ट

मामाजी बोलत नाहीत.

२० ऑगस्ट

ताट वाढून ठेवते, मी आत गेले की जेवतात. चार घास टाकलेलेच असतात. दुकानात गिऱ्हाईकं साखर घेतात, चहापत्ती घेतात आणि माझ्याकडे बघत राहतात. एक बाई दुसरीला म्हणाली – माझ्या कानावर पडेल अशीच – नवऱ्याचं शेड पाडलं तिनं.

शालूबाई आल्या होत्या. आज बुधवार, पण टोपली आणली नव्हती. पायरीवर बसून राहिल्या आणि गेल्या. बरं वाटलं.

२४ ऑगस्ट

नाल्यावर मोजमाप झालं. लाल रंगाच्या खुणा केल्या आहेत. मुद्दाम बघून आले. वाटेवर मामाजी समोरून येत होते. बाजूला होऊन मला वाट दिली – परक्या बाईला देतात तशी.

चुकले नाही मी. पण बरोबर असल्याचा घरात काही उपयोग नाही.

३० ऑगस्ट

मामाजी सकाळी न सांगता बाहेर पडले आणि जाम गावच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. फोन आला, धावत गेले. उतारूंनी बाकावर निजवलं होतं. पाणी पाजलं. पिशवीत अर्ज असतील वाटलं – निघाले वर्धेच्या दवाखान्याचे कागद. त्यातला पहिला कागद मे महिन्यातला. पोटात गाठ आहे. पसरली आहे. ऑपरेशन करून उपयोग नाही असं स्पष्ट लिहिलंय, खाली त्यांचीच सही.

मे महिन्यापासून माहीत होतं त्यांना. शेड कोणासाठी मागत होते, ते मला तिथे बाकावर कळलं.

सभेत का नाही सांगितलं, विचारलं. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“सांगतलं असतं तं साऱ्या गावानं माह्याकडच हात वर केला असता. त्या अंकितानंबी.”