महाराणीच्या पाण्यातली कॅप्सूल

अहो,

तुम्ही गच्चीवर कबुतरांशी बोलत होतात, म्हणून मध्ये पडले नाही. वन्संना सोबतीला घेऊन दवाखान्यात भरती व्हायला चालले आहे. माझ्या पोटातले जंतू कुठल्याच गोळीला दाद देत नाहीत, आता सलाइनमधून औषध देणार आहेत.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात इतकी अँटिबायोटिक्स कोण खातं?" मी म्हटलं, यांची लाडकी कबुतरी, महाराणी. ती नुसती शिंकली तरी हे तिच्या पाण्यात कॅप्सूल फोडतात. मी आठवडाभर तापाने फणफणले, तेव्हा मात्र हे "लिंबूपाणी घे, उतरेल" म्हणाले. डॉक्टरांना वाटतं, जंतू तिच्या पोटात औषधाला निर्ढावले असावेत आणि तिचं भांडं तुम्ही स्वयंपाकघरात धुता, तिथून माझ्यात आले असावेत. म्हणजे सवतीचं उष्टंच म्हणायचं.

आजपासून तिला साधं पाणी द्या. भांडं गच्चीवरच धुवा, हात साबणाने.

संध्याकाळी येताना तिच्या विष्ठेचा नमुना डबीत घालून आणा, डॉक्टरांना तपासायचा आहे. माझा टॉवेलही आणा. दोन्हींतलं एकच लक्षात राहणार असेल, तर कोणतं ते मला ठाऊक आहे.

– गच्चीखाली राहणारी